केसूला खाली ठेवा

माझ्या कामातली मोठी अडचण ही, की मला कुणी बोलावत नसे. लोक डॉक्टरला बोलावतात, सुईणीला बोलावतात, मंत्र घालणाऱ्यालासुद्धा टांगा पाठवून आणतात. मी मात्र जळगावात वीस-बावीस वर्षं न बोलावता लोकांच्या घरांत शिरले. त्यातही जिथे मूल ठणठणीत दिसे तिथे जास्त चिकटून बसले. "पोर बरं आहे हो," असं आई म्हणाली की मी पिशवी खाली ठेवायचे. बरं असलेलं पोर बरं ठेवायचं, हेच तर माझं काम. पण असं काही काम असतं यावर चार माणसांचासुद्धा विश्वास नव्हता, आणि त्या चारांत माझे सख्खे भाऊ नव्हते.

दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. जळगावातल्या काही वकील-व्यापाऱ्यांनी आणि एका डॉक्टरसाहेबांनी मिळून तान्ह्या मुलांसाठी एक केंद्र काढलं होतं. घरोघर जाऊन आयांना मुलांचं सांभाळणं सांगायला त्यांना एक शिकलेली बाई हवी होती. मी धुळ्याची. लहानपणीच कपाळाचं कुंकू पुसलं गेल्यावर मामांनी हट्टानं पुण्याला पाठवून मला नर्सिंग शिकवलं होतं. मला या कामावर घेतलं, हातात एक पिशवी दिली आणि सांगितलं, "जा."

पिशवीत साबणाची वडी, स्वच्छ फडकी, बोरिकची पूड आणि एक ताणकाटा. काट्याला खाली झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि वजन बघायचं. गोळी नाही, सुई नाही, बाटली नाही. ज्या नर्सच्या पिशवीत बाटली नाही तिला लोक फार मान देत नाहीत. मग मी घरी जाऊन करायचे काय? बाळाला न्हाऊ कसं घालतात ते बघायचं, ते काय पितं, किती झोपतं, कुणाजवळ असतं ते विचारायचं, डोळे-कान पुसायला शिकवायचं, आणि आईला अर्धा तास खाली बसू द्यायचं. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी घरात असेपर्यंत सासू सुनेला हाक मारत नसे, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. मग मी उगीचच बाळाचे कान दोनदोनदा बघू लागले.

वजनाचा मात्र फार गोंधळ व्हायचा. तोललं की मूल घटतं, अशी बायकांची समजूत. पिंप्राळं तेव्हा गावाबाहेरचं वेगळं खेडं होतं. तिथल्या एका बाईनं मला अट घातली, "आधी माझं करडू तोला. ते उद्यापर्यंत नीट राहिलं तर पोर तोला." मी झोळीत करडू घातलं. त्यानं झोळीत जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी गेले तर करडू दारात उड्या मारत होतं. बाईनं निमूटपणे बाळ माझ्या हातात दिलं आणि वजन ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे करडापेक्षा कमीच की!" त्या दिवसापासून त्या बाळाला वरचं दूध सुरू झालं. माझ्या चार भाषणांनी जे झालं नसतं ते करडानं केलं.

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. कापसाच्या जिनिंगात काम करणारी काशी नावाची एक बाई होती. कामावर जाताना ती तान्ह्या पोराला अफूची बारीक गोळी द्यायची, म्हणजे ते झोळीत दिवसभर झोपून राही. मी पुण्याहून नवीन शिकून आलेली. मी तिला दारात उभं करून अफूचे तोटे सांगितले, चांगले कडक शब्दांत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दिवसभर पोर बघायला तुम्ही येता का?" मला राग आला आणि मी निघून आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तर झोळी काढून ठेवलेली होती, पोर गेलं होतं. काशी मला काही बोलली नाही. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. पुढे आम्ही जिनिंगाजवळच्या लिंबाखाली एका म्हातारीला पोरं सांभाळायला बसवलं, पण ते काशीच्या पोराच्या कामी आलं नाही. त्यानंतर कुठल्याही घरात 'असं करू नका' म्हणायच्या आधी, ते लोक तसं का करतात ते मी विचारू लागले.

आता शेठजींच्या घरची गोष्ट सांगते. अख्ख्या नोकरीत मला बोलावणं धाडून नेणारं ते पहिलं घर.

जुहारमलशेठ कापसाचे मोठे व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजींचा जन्म जळगावचा आणि मराठी आमच्यासारखंच. आमचं केंद्र बाजारात त्यांच्याच मालकीच्या खोलीत भरत असे. त्यामुळे कमिटीचे बाकीचे लोक 'आपलं केंद्र' म्हणत आणि शेठजी 'माझी खोली' म्हणत. दसरा होऊन गेला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि भरदुपारी त्यांचे मुनीम केंद्राच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, शेठजींनी बोलावलंय. नातवाला दाखवायचंय."

दिवाणखान्यात शेठाणी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर केसरीमल, म्हणजे केसू. अडीच वर्षांचा, पांढराफटक, गुबगुबीत. अंगात सदऱ्यावर सदरा, पायात मोजे आणि डोक्याला लोकरीची टोपी. मला पदरानं वारा घ्यावासा वाटत होता आणि ते पोर हिमालयात निघाल्यासारखं सजलं होतं.

"चालत नाही," शेठजी म्हणाले. "उभाही राहत नाही. बोलत नाही. वैद्य झाले, ताईत झाले, नवस झाले. एकुलता एक नातू आहे, बाई."

ते ऐकून मी गुपचूप बघत बसले. अर्ध्या तासात केसू शेठाणींच्या मांडीवरून शेठजींच्या बहिणीच्या, आत्याबाईंच्या कडेवर, तिथून शेठजींच्या मांडीवर, तिथून मुनिमांच्या खांद्यावर आणि परत शेठाणींच्या मांडीवर असा फिरला. त्यानं एक बोट वर केलं की घरातली सगळी माणसं उठत. बोट खिडकीकडे गेलं की खिडकी उघडे, पिंजऱ्याकडे गेलं की पोपट येई, डब्याकडे गेलं की पेढा. इतकं सगळं एका बोटावर चालत असताना त्यानं तोंड कशाला उघडावं?

मी म्हटलं, "त्याला जरा खाली ठेवा बघू."

"कुठे?" शेठाणींनी विचारलं.

"खाली. जमिनीवर."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग शेठाणी म्हणाल्या, "गादी आणा." गादी आली. गादीवर रजई आली, रजईवर चादर आली. त्या डोंगरावर केसूला ठेवल्यावर तो मधोमध रुतला आणि त्याचं फक्त टोपीचं टोक दिसायला लागलं. अशा जागी मलासुद्धा उभं राहता आलं नसतं.

मी त्याचे मोजे काढले, बाह्या वर केल्या. मनगटाची हाडं सुजल्यासारखी जाड झाली होती, नडग्या बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. टोपीखालचं डोकं घामानं निथळत होतं. मुडदूस. नुसते लाड असते तर सोपं होतं. पण या पोराची हाडंच मऊ राहिली होती, आणि आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर पाय कायमचे वाकडे झाले असते.

हे बघत असताना मला दाराशी उभी असलेली सून दिसली. सुगन तिचं नाव, माहेर पाचोऱ्याचं, वय असेल एकोणीस-वीस. नवरा धुळ्याच्या दुकानावर असायचा आणि सणावारी यायचा. घुंगट छातीपर्यंत ओढलेला, आणि एक हात चौकटीवर घट्ट. तिची आणि केसूची गाठ दिवसातून किती वेळा पडत असेल कोण जाणे, कारण मघाच्या त्या फेरीत तिची मांडी कुठेच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी येऊन केसूला तपासलं, माझं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं आणि माझ्या हातात एक बाटली दिली. "रोज एक चमचा. कशाचं तेल आहे असं विचारलं तर 'विलायती' म्हणा. जास्त बोलू नका. जैन माणसं आहेत."

मी बाटली घेऊन गेले. शेठजींनी बूच काढून वास घेतला, बाटली मुनिमांच्या हातात दिली आणि मला विचारलं, "हे तेल कशाचं आहे?"

'विलायती' हा शब्द जिभेच्या टोकावर होता. पण ज्या घरात सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा पीत नाहीत, त्या घरातल्या पोराच्या तोंडात मी हे लपवून घालायचं? मग उद्या माझ्या कुठल्या शब्दावर ते विश्वास ठेवतील?

"माशाचं," मी म्हटलं. "माशाच्या काळजाचं."

शेठाणी ताडकन उठल्या. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. आत स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं. सगळ्यात वाईट अवस्था झाली मुनिमांची. बाटली त्यांच्या हातात होती. ठेवायची तर शेठजींच्या घरात कुठे ठेवायची, आणि धरायची तर कशी? शेवटी हात लांब ताठ धरून, मान दुसरीकडे वळवून ते बाहेर पडले आणि तसेच अख्खा बाजार ओलांडून डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात गेले. वाटेत लोक बाजूला होत होते म्हणे. कुणाला वाटलं बाटलीत साप आहे.

दिवाणखाना धुऊन निघाला. मी कोपऱ्यात उभी राहून मनाशी म्हणत होते, गेली आपली खोली.

शेठजी ओल्या फरशीवरून माझ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "डॉक्टरांनी हे सांगायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाजारात माणूस पारखण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग त्यांनी विचारलं, "दुसरा उपाय आहे?"

"आहे. ऊन."

आता शेठजी मोठ्यांदा हसले. "बाई, जळगावात आणि उन्हाची टंचाई? वैशाखात इथे सावलीसाठी माणसं भांडतात."

"खरं आहे. पण केसूच्या अंगावर ते कधी पडलंय?"

शेठजींनी शेठाणींकडे बघितलं. शेठाणींनी आत्याबाईंकडे. केसू देवळात जायचा तो पडदे लावलेल्या गाडीतून, गाडीतून उतरायचा तो शालीतून. पूर्ण अडीच वर्षांत त्याच्या उघड्या अंगावर ऊन पडल्याचं कुणालाच आठवेना. जळगावातलं एक मूल उन्हावाचून वाळत होतं, आणि तेही गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात.

मी सांगितलं, की रोज सकाळी कोवळं ऊन असताना गच्चीवर न्यायचं, अंगावर फक्त लंगोट. घरचं दूध-लोणी द्या, मुगाचं वरण द्या, पालेभाजी द्या, पेढे बंद करा. "काळा पडेल," शेठाणी म्हणाल्या. "पडेल," मी म्हटलं, "पण चालेल." शेठजी 'बरं' म्हणाले आणि मी आनंदानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन बघते तर केसू लंगोटावर, उघडा, अगदी सांगितल्याप्रमाणे, आणि त्याच्या डोक्यावर लग्नात बांधतात तसा झालरीचा मांडव. शिवाय शेजारी छत्री धरून मुनीम.

"उन्हात ठेवलंय ना बाई?" शेठाणी म्हणाल्या.

"ऊन कुठाय?"

"ते काय बाहेर सगळीकडे!"

शेजारच्या गच्च्यांवरून दृष्ट लागेल हे मांडवाचं खरं कारण निघालं. मग मी मांडव काढायला लावला नाही, उभा करायला लावला. चारी बाजूंनी कापडाचे पडदे आणि वर मोकळं आभाळ. आता कुणाला केसू दिसेना, आणि सूर्याला दिसायला लागला.

एक गोष्ट राहिली होती. पडद्याआड माणसं गेली की केसू पुन्हा मांड्यांवर फिरणार. म्हणून मी शेठजींना सांगितलं, "आत फक्त आईनं बसायचं. दुसरं कुणी नाही. तिलाही ऊन हवंय."

"तिला कशाला?"

"तिची हाडं दुखतात. भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. तुम्ही बघितलं नसेल, कारण तुमच्यासमोर ती बसतच नाही."

शेठजींनी मुनिमांना हाक मारली आणि पडद्याआड दुसऱ्या कुणाला सोडू नका म्हणून सांगितलं.

पडद्याआडच्या पहिल्या सकाळी सुगननं घुंगट मागे टाकला आणि डोळे मिटून तोंड वर केलं. बराच वेळ तशीच बसली. मग मला हळू म्हणाली, "पाचोऱ्याला आमच्या अंगणात रोज सकाळी मी अशी बसायचे. इथे येऊन चार वर्षं झाली बाई, आकाश फक्त खिडकीएवढंच बघितलं." केसू तिच्याकडे टकमक बघत होता. आईचा चेहरा त्यानं दिवसाउजेडी इतका वेळ कधी बघितला नव्हता.

गच्चीवर रोज झाडायला भिकीबाई यायची. ही नरडाण्याकडची, धुण्याभांड्याला लावलेली. तिची दीड वर्षाची ठकी तिच्यामागे दुडुदुडु यायची. अंगात काही नाही, केसांत माती, हातात भाकरीचा तुकडा. भिकीबाईनं एकदा पडद्यातून डोकं आत घातलं आणि चटईवर बसलेल्या केसूकडे बघून मला म्हणाली, "बाई, मन्ही पोर दिनभर धुळमा लोळस. तिले काय व्हस? काहीच नही. याले खाले सोडा ना. जमीन काय चावस का?"

पुण्यात मी जे दोन वर्षं शिकले ते तिनं एका दमात सांगितलं. मी चटई गुंडाळून ठेवली.

केसूला गच्चीची फरशी आवडली नाही. तो रडला. ठकीच्या हातातल्या भाकरीकडे त्यानं बोट केलं आणि वाट बघितली. कुणी उठलं नाही. सुगननं स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. ठकी थोडा वेळ त्याच्या बोटाकडे बघत राहिली आणि आरामात भाकरी चावत राहिली. केसूला त्याच्या जन्मात असा अपमान माहीत नव्हता. तो इतका ओरडला की खालून शेठाणी धावत वर आल्या आणि जिन्याच्या दारात मला सामोऱ्या आल्या. मी दार अडवून उभी. "पडला का?" "नाही." "मग का रडतोय?" "भाकरी मिळत नाही म्हणून." "या घरात भाकरी मिळत नाही?" त्या इतक्या चिडल्या की आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

असं महिनाभर चाललं आणि केसूला ताप आला. दोन दिवसांचा साधा ताप, दाढ येत होती. पण घर पेटून उठलं. मी गेले तेव्हा पडदे उतरवलेले होते, लोकरी टोपी परत डोक्यावर आली होती, आणि शेठजी म्हणाले, "बाई, झालं ते पुष्कळ झालं. उद्यापासून बंद."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुगन पुढे आली. त्यांच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. तिनं केसूला शेठाणींच्या मांडीवरून उचललं, आपल्या कडेवर घेतलं, आणि घुंगटाआडून त्याला म्हणाली, "केसू, दादाजींना सांग, मी तुला उद्या वर नेणार आहे."

शेठजींनी घसा खाकरला. त्यांनाही सुनेशी थेट बोलता येत नव्हतं. ते केसूला म्हणाले, "केसू, तुझ्या आईला सांग, ताप वाढला तर?"

"केसू, दादाजींना सांग, ऊन नव्हतं तेव्हाही ताप यायचाच."

"केसू, आईला सांग, मोठ्यांचं ऐकावं."

"केसू, दादाजींना सांग, अडीच वर्षं ऐकलं. तू उभा राहिलास का?"

केसू बिचारा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. इतके निरोप पोचवायचे आणि तोंडात शब्द एक नाही. त्यानं दादाजींकडे बोट केलं, मग आईकडे केलं, आणि कुणी काही आणून देईना तेव्हा कंटाळून आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

शेठजी त्या टेकलेल्या डोक्याकडे बघत होते. सुगन जागची हलली नाही. शेवटी शेठजी हळू आवाजात म्हणाले, "केसू, तुझ्या आईला सांग, ताप उतरेपर्यंत थांब. मग ने." आणि थोड्या वेळानं, "टोपी मात्र घाल."

"केसू, दादाजींना सांग, टोपी नाही."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. हे मात्र ते केसूला म्हणाले नाहीत.

मार्गशीर्षात एका सकाळी ठकीनं आपली भाकरी फरशीवर ठेवली आणि ती चिमणीमागे गेली. केसूनं भाकरीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि आमच्याकडून काही होणार नाही हे त्याला कळून चुकलं. तो पोटावर पालथा झाला आणि सरपटत निघाला. भिकीबाई झाडू टाकून ओरडली, "दखा व माय, उना, उना!" तिच्या बोलीत उना म्हणजे आला. पोचल्यावर त्यानं भाकरी तोंडात घातली. काळी, शिळी, वर धूळ लागलेली ज्वारीची भाकरी. पेढ्यांवर वाढलेलं ते पोर ती अशी चावत होतं की सुगन हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात परत आलेल्या ठकीनं त्याच्या डोक्यात एक चापट मारली आणि भाकरी काढून घेतली. तेव्हा केसू आयुष्यातला पहिला शब्द बोलला. तो शब्द 'दे' हा होता.

संक्रांतीला तो पडदा धरून उभा राहिला. होळीला चालला. ज्या दिवशी तो दिवाणखान्यात दहा पावलं चालत आला त्या दिवशी शेठजींनी हातातली हिशेबाची वही मिटली. उठून आतल्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले. बोट करणं संपलं. आता केसू स्वतः जाई, स्वतः घेई आणि स्वतः फोडी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी केंद्रात बसले होते. बाहेर गलका झाला म्हणून दारात येऊन बघते तर पुढे केसू, नुसत्या चड्डीवर, सुसाट. त्याच्या मागे जुहारमलशेठ, अनवाणी, उघड्या डोक्यानं, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांच्यामागे मुनीम, एका हातात शेठजींची पगडी, दुसऱ्या हातात जोडे. शेठजींना कुणी वीस वर्षांत झपझप चालतानासुद्धा बघितलं नव्हतं. आग लागली असं समजून दोन दुकानदारांनी फळ्या लावल्या. एकानं पाण्याची घागर आणली.

पुढे टांग्यांचा अड्डा होता. मीही धावले. पण केसू घोड्यांपर्यंत गेलाच नाही. वाटेत शेंगदाणेवाल्याच्या टोपलीसमोर थांबला आणि त्याला म्हणाला, "दे." शेठजी मागून आले, त्यांनी त्याला उचललं आणि धापा टाकत तडक आमच्या केंद्रात येऊन जमिनीवर बसले. आयाबाया पदर सावरत बाजूला सरकल्या.

"बाई," श्वास परत आल्यावर ते म्हणाले, "याला बसवायचं काही औषध आहे का?"

"ते अजून निघालं नाही, शेठजी."

मग ते हसायला लागले, आणि त्यांना हसू आवरेना. केसू त्यांच्या मांडीवरून घसरून खाली उतरला आणि माझा ताणकाटा मोडायला लागला.

केसू बरा झाल्याचं श्रेय पुढे बऱ्याच जणांनी घेतलं. वैद्यबुवा म्हणाले, माझा लेप उशिरा लागू पडला. डॉक्टरसाहेबांनी कमिटीत सांगितलं, माझं निदान. आत्याबाईंचा नवस होताच. माझं नाव कुठे आलं नाही, आणि थोडं वाईट वाटलं हे मी नाकारत नाही. सुगनचं नावही कुणी घेतलं नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती आता चौकट न धरता उभी राहायची.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सुगनला मुलगी झाली. मुलगी म्हणून घर जरा हिरमुसलं होतं, म्हणून मी मुद्दाम लवकर भेटायला गेले. शेठाणी दिसल्या नाहीत. खोलीत बाळही दिसेना. सुगन हसत म्हणाली, "वर जा."

गच्चीवर पडदे बांधलेले होते. आत शेठाणी कोवळ्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर ती इवलीशी पोर, उघडी. त्या तिच्या नडग्यांना तेल चोळत होत्या आणि शेजारच्या गच्चीवरच्या बाईला पडद्याआडून ओरडून सांगत होत्या, "आमच्या घरात पहिल्यापासून अशीच रीत आहे! मूल उन्हात वाढवायचं!"

मला बघून त्यांनी जागा करून दिली. मी बाळाला घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात थोपवला.

"जरा थांबा. आत्ताच ऊन लागतंय अंगाला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "तुम्हाला मूलबाळ नाही ना बाई, म्हणून तुम्हाला ठाऊक नसणार. लहान जिवाला ऊन फार लागतं."

"हो का?" मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंत."

आणि त्यांच्या शेजारी उन्हात बसून, अंगाला तेल कसं चोळायचं ते मी नीट बघून घेतलं.